परसातला हौद

बोरी, ता. जिंतूर
१४ ऑक्टोबर १९५५

चि. बन्सीधर यास आक्काचे आशीर्वाद.

आम्ही हैदराबादेहून सुखरूप पोचलो. चतुरा सगळ्या वाटेत खिडकीला नाक लावून होती, तिला काही झालं नाही. त्रास मला झाला, कारण माझ्या डोक्यात तुमच्या त्या डॉक्टरांचं बोलणं फिरत होतं. तापात पोरीचा डावा पाय गेल्यापासून तेल झालं, शेक झाला, अंगारे झाले, आणि कुणी धड काही सांगितलं नाही. हा पहिला माणूस सरळ बोलला. पोरीला रोज छातीइतक्या पाण्यात उभी करा, म्हणाला. पाण्यात अंगाचं ओझं हलकं होतं, पाय आपोआप हलायला शिकतो. आता नाही केलं तर पाय वाळत जाईल आणि मग ती काठीवरसुद्धा उभी राहायची नाही.

आता पाणी आणू कुठून? आमची नदी संक्रांतीनंतर नुसती वाळू. विहीर खोल, तिला पायऱ्या नाहीत, मोटेची आहे. तेव्हा मी ठरवलंय की घराच्या मागं परसात पोहायचा हौद बांधायचा. तू क्लबातल्या हौदाची यंत्रं चालवतोस, नळ जोडतोस. काय काय लागतं ते सगळं मला लिही, नकाशा काढ.

तुझे दाजी अंगदराव हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत, म्हणजे हो. थोरले दत्तराव नाही म्हणाले. घरातल्या पाण्यावर त्यांचा हुकूम. तुला ठाऊकच आहे, आमच्यात भाया धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. म्हणून ते मोटेच्या बैलाला म्हणाले, "पाखऱ्या, लोकाला प्यायला पानी न्हाई आन् आमच्या घरी पोरी पोहायल्या म्हने." मी चतुराला म्हटलं, "चतुरा, पाखऱ्याला सांग, हौद होणार."

आणि एक. हौद झाला की तूच येऊन तिला पोहायला शिकवायचं. घरात रोज पाण्यातलं काम करणारा माणूस तू एकटा.

तुझी आक्का
भिवरा


सिकंदराबाद
२ नोव्हेंबर १९५५

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून दोन दिवस मला काही सुचलं नाही. मग हसू आलं, मग वाटलं, तू ठरवलंय म्हणजे होणार. लहानपणी मानवतला जिनिंगच्या भोंग्याआधी उठवायचीस तशीच अजून आहेस.

आता नीट वाच. पाणी साठवणं सोपं, साठलेलं जिवंत ठेवणं अवघड. थांबलेलं पाणी चौथ्या दिवशी हिरवं होतं, त्यात डास होतात, वास येतो. आमच्या इथं नवाब गेले, अधिकारी आले, पण पाण्याचं दुखणं तेच. त्यासाठी आम्ही हौदातलं पाणी पंपानं ओढतो, वाळूच्या बंद टाकीतून गाळतो, त्यात ब्लिचिंग पावडर टाकतो आणि परत हौदात सोडतो. म्हणजे तुला ऑइल इंजिन लागेल, पंप लागेल, वाळूची टाकी लागेल, लोखंडी नळ, व्हॉल्व्ह, जाळ्या. पावडर दर महिन्याला. इंजिन चालवायला माणूस.

हे सगळं लिहिताना मलाच धाप लागली. पण तू विचारलंस म्हणून खरं लिहिलं.

शिकवण्याचं नंतर बघू. आधी हौद तर होऊ दे.

तुझा
बन्सीधर


बोरी
१८ डिसेंबर १९५५

चि. बन्सीधर यास आशीर्वाद.

तुझी यादी मी तीनदा वाचली आणि घडी करून दिव्याखाली ठेवली. इंजिन घ्यायचं तर शेत विकावं लागेल, आणि शेत विकल्यावर इंजिनानं काय भिजवू?

पण परवा विहिरीवर गेले होते. दत्तराव मोट हाकत होते. मोट वर आली, थारोळ्यात ओतली, थारोळ्यातून पाणी पाटात उतरलं आणि आमच्या परसाच्या कडेकडेनं मोसंबीच्या बागेत गेलं. मी बघतच राहिले. बन्सी, तुझं पाणी मरतं कारण ते तिथंच फिरतं. आमचं पाणी फिरत नाही, ते निघून जातं. रोज नवं येतं, जुनं झाडाला जातं. मग वाटेत हौद ठेवला तर? पाणी आधी पोरीला भेटेल, मग मोसंबीला. पंप नको, वाळू नको, पावडर नको. दोन बैल आहेतच.

संध्याकाळी ओट्यावर मी हे चतुराला मोठ्यानं सांगितलं. दत्तराव गोठ्यात होते. मग पाखऱ्याला म्हणाले, "बागंला पानी कमी पडलं न्हाई पायजे. एक झाड जरी सुकलं तर हौदात माती भरून टाकीन. सांगून ठेवतो."

ती मोसंबी त्यांनी लेकरासारखी वाढवली आहे. त्यांना स्वतःचं लेकरू नाही, म्हणून त्या झाडांवर जीव. मला त्यांचा राग येत नाही, पण त्यांच्या फावड्याची भीती वाटते. तेव्हा नकाशा चोख काढ.

आक्का


सिकंदराबाद
९ जानेवारी १९५६

ती. आक्कास नमस्कार.

शाबास! हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. इथं राहून मला पाणी फक्त नळातच दिसायला लागलंय.

सोबत नकाशा आहे. आमच्या हौदावरून काढलाय, फक्त लहान केलाय. जमिनीत खड्डा खणायचा, आतून दगड आणि चुना. थारोळ्यातून लोखंडी नळानं पाणी आत येईल, नळाच्या तोंडाला जाळी लावायची म्हणजे पाला अडेल. तळाशी दुसरा नळ, त्याला व्हॉल्व्ह. दिवसा व्हॉल्व्ह बंद ठेवून हौद भरा, संध्याकाळी उघडा, पाणी बागेत जाईल. उतरायला लोखंडी शिडी. नळ, व्हॉल्व्ह आणि शिडी मानवत रोड स्टेशनावर पार्सल केलंय, दाजींना बैलगाडी घेऊन पाठव.

नकाशाला निळी शाई वापरली आहे, पुसली जात नाही.

बन्सीधर


बोरी
६ एप्रिल १९५६

बन्सीधर,

आज आशीर्वाद नाही.

हौद खणला. चारठाण्याच्या सटवाजी गवंड्यानं दगड बसवला, चुना घोटला. नळ जोडले. सोमवारी मोट चालली, हौद भरला. चतुरा काठावर बसून पाण्यात हात फिरवत होती. संध्याकाळी दाजींनी व्हॉल्व्ह उघडला आणि आम्ही सगळे पाटाकडं बघत बसलो. पाणी आलंच नाही.

येणार कसं? हौदाचा तळ जमिनीखाली, पाट जमिनीवर. तुमच्या क्लबाच्या मागं खोल नाला आहे, मी पाहिलाय. तुमचं पाणी खाली पडतं. आमचं वर चढायला पाहिजे होतं. मी शेतकऱ्याची बायको, पाणी चढत नाही हे मला कळत नव्हतं का? सटवाजीला कळत नव्हतं? पण तुझा नकाशा हैदराबादेहून आलेला, त्यावर निळी शाई, म्हणून कुणी तोंड उघडलं नाही.

बागेचं दिवसाचं पाणी खड्ड्यात अडकलं. बादल्यांनी उपसून झाडांना घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तराव फावडं घेऊन आले. पाखऱ्याला म्हणाले, "घरातल्या मान्सांला सांग, पानी काय जिना चढून येत न्हाई." आणि मातीची पहिली पाटी आत टाकली.

मी शिडीनं खाली उतरले आणि चिखलात बसले. डोक्यावरून पदर घेतला आणि चतुराला म्हटलं, "मोठ्या बाबांना म्हणावं, टाका माती."

ते उभे राहिले. मग फावडं तिथंच रोवून बागेत निघून गेले. फावडं अजून तिथंच आहे.

आणि तुझी ती शिडी. ती पाहून चतुरा काय म्हणाली ऐक. म्हणाली, "आई, मला ही चढता आली असती तर हौद कशाला लागला असता?"

मला रडू आलं, बन्सी. तुला एवढंही सुचू नये? पण हौद होणार. पुढं काय करायचं ते लवकर कळव.

भिवरा


सिकंदराबाद
३ मे १९५६

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

तू चिखलात बसलीस हे वाचून मला जेवण गेलं नाही. चूक सगळी माझी.

खड्डा बुजवा. हौद जमिनीच्या वर बांधायचा. विहीर तुमच्या उंचवट्यावर आहे, परस खाली आहे, म्हणजे थारोळं आणि पाट यांच्यात उतार नक्की आहे. किती आहे तेच मला हवं. सोबत रबरी नळी पाठवतोय, दोन्ही टोकांना काच आहे. नळीत पाणी भरायचं, एक टोक थारोळ्यापाशी धरायचं, दुसरं परसात बांबूला बांधायचं. दोन्ही काचांत पाणी एकाच उंचीला उभं राहतं, अंतर कितीही असो. परसातल्या बांबूवर ते पाणी जमिनीपासून किती वर आलं ते मोजून कळव. पोरीच्या छातीच्या वर असेल तर आपलं काम झालं.

येणारं पाणी वरून सोडा, जाणारं तळातून. नाहीतर वरचं निघून जाईल आणि तळचं कुजेल. तळ पाटापेक्षा हातभर वर ठेवा.

आता कसलाही नकाशा पाठवत नाही. तुम्ही मोजा, तुम्हीच काढा.

बन्सीधर


बोरी
१२ डिसेंबर १९५६

चि. बन्सीधर यास खूप खूप आशीर्वाद.

रागानं नाही, कामानं पत्र राहिलं. तेवढ्यात आपली राज्यंही बदलली. आम्ही मुंबईत गेलो म्हणे, तू आंध्रात. दाजी म्हणतात, आता बन्सी परराज्यातला पाहुणा.

तुझी नळी कामाला आली. बांबूवर खूण पोरीच्या डोक्याच्याही वर लागली. चतुरानं खडूनं स्वतःच खूण केली.

शिडीचं मात्र सुचत नव्हतं. सटवाजीला बोलवायला चारठाण्याला गेलो तेव्हा चतुरालाही गाडीत घेतलं. देवळापाशी जुनी बारव आहे. मी सटवाजीशी बोलत होते आणि पोर दिसेना. धावत जाऊन बघते तर ही बारवेच्या पायऱ्यांवर बसून, हातांवर अंग तोलून, एकेक पायरी खाली चालली होती. खाली पाण्यापाशी पोचली आणि वर बघून ओरडली, "आई, मी आले खाली!" तापानंतर ती कुठं एकटी गेली अशी ही पहिलीच वेळ. सटवाजी म्हणाला, "आक्का, मला काय सांगू नका आता. समजलं."

त्यानं हौदाला बाहेरून पायऱ्या केल्या आणि आतूनही. रुंद, ठेंगण्या, कडा घासून गोल केलेल्या. बुजवलेल्या खड्ड्याशेजारी, पक्क्या मुरमावर बांधलाय. भोवती तुराट्यांचा कूड घातलाय.

पाणी सोडलं त्या दिवशी दत्तराव बागेत शेवटच्या झाडाशी जाऊन उभे राहिले. दाजींनी व्हॉल्व्ह उघडला. पाणी पाटातून गेलं, एकेक आळं भरत शेवटच्या झाडापर्यंत गेलं. येताना दत्तरावांनी ते रोवलेलं फावडं उपटून गोठ्यात ठेवलं.

चतुरा रोज पाण्यात उभी राहते, भिंतीला धरून. पाय हलतो. थोडा, पण हलतो. आता तू ये. शिकवण्याचं नंतर बघू म्हणाला होतास ना?

आक्का


सिकंदराबाद
२० जानेवारी १९५७

ती. आक्कास नमस्कार.

पत्र खिशात घेऊन फिरतो.

येण्याचं मात्र सध्या जमत नाही. क्लबाचा जलसा आहे, मग पंपाची दुरुस्ती, शिवाय नवे सेक्रेटरी रजेला कडक आहेत. आणि थंडीत पोरीला शिकवू नये.

शिकवायचं फार काही नसतं, आक्का. मी इथं रोज बघतो. पाठीला वाळका भोपळा बांधायचा. आधी भिंतीला धरून पाय मारायचे. मग आडवं व्हायचं, हात पुढं टाकून पाणी मागं ढकलायचं. तोंड एका बाजूला काढून श्वास घ्यायचा. दिसायला अगदी सोपं आहे. दाजींना सांग, ते शिकवतील. माझी वाट बघू नका.

बन्सीधर


बोरी
११ मार्च १९५७

चि. बन्सीधर यास आशीर्वाद.

दाजींना पोहता येतं, पण शिकवता येत नाही. ते नुसते ओरडतात. म्हणून मी स्वतः उतरले. रात्रभर पाणी अडवून, उजाडायच्या आत, लुगड्याचा काष्टा कसून. या वयात. हसू नको.

तुझं पत्र पाठ करून उतरले होते. पहिल्या पायरीवर पाय भिजले. दुसरीवर गुडघे. तळाशी उतरून आडवी व्हायला वाकले, पाणी छातीला लागलं आणि माझा श्वासच अडकला. आत जाईना, बाहेर येईना. वाटलं आता मेले. चतुरा म्हणाली, "आई, फू कर, फू." फू केलं तेव्हा सुटला. तिला पहिल्या दिवशीच हे कळलं होतं.

मग मी विचार करत बसले. बन्सीनं हात कसे, पाय कसे, मान कुठं, सगळं लिहिलं. छाती दाटते हे का नाही लिहिलं? जो पाण्यात उतरलाय तो सगळ्यात आधी तेच सांगेल. शिडीचंही तसंच. काठावरून शिडी छान दिसते. तू दर पत्राला एक कारण काढतोस. आधी हौद होऊ दे, मग थंडी, मग जलसा.

आणि मानवतची विहीर आठवली. सगळी पोरं उड्या मारायची. आपले वडील, नाना, विचारायचे, "बन्सी, पोहलास का?" तू म्हणायचास, "हो." तुझे केस ओले असायचे, बन्सी. धोतर कोरडं असायचं. मी दारातच उभी असायचे, मला दिसायचं. तेव्हा कधी बोलले नाही. वाटलं, शिकेल पुढं.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोहण्यासाठी पाणी गाळलंस. तुला कुणी त्यात उतरू दिलं नसेल. आणि उतरू दिलं असतं तरी तू उतरला नसतास, होय ना? मी चिडले नाही. पण आता येच.

तुझी आक्का


बोरी
१९ मे १९५७

ती. मामांस चतुराचा नमस्कार.

आईच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. आई म्हणते, बन्सी रागावला असेल, मी लिहायला नको होतं ते लिहिलं. मी म्हटलं, मामा रागावले नाहीत, लाजले असतील. म्हणून हे पत्र मी लिहिते आहे. अक्षर वाईट आहे.

माझा पाय अजून बारीकच आहे. काठीशिवाय चालता येत नाही. पण काठी घेऊन मी शाळेत जाते, आणि डॉक्टर म्हणाले होते तसा पाय आता वाळत जाणार नाही. पाण्यात मात्र दोन्ही पाय सारखे असतात. तिथं कुणाला कळत नाही कोणता कोणता.

गेल्या रविवारी काय झालं ते सांगते. मी भोपळा काढून पोहत होते. आई भिंतीवर उभी होती, माझ्या कमरेला दोर बांधला होता आणि तो आईनं धरला होता. आई घाबरून तो सारखा ओढत होती. मोठे बाबा वर मोट हाकत होते. त्यांनी एकदम मोट थांबवली आणि मोठ्यानं ओरडले, "भिवराबाई, दोर सोडा! जायलीय ती!"

मामा, ते आईला म्हणाले. पाखऱ्याला नाही. आईला इतका धक्का बसला की तिच्या हातातला दोर सुटलाच. आणि मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले.

मी वर बघितलं तर आई रडत होती आणि मोठे बाबा पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्याला म्हणाले, "तुला न्हाई म्हनलं." मग मोट चालू केली.

आता मोठे बाबा आणि आई बोलतात. फार नाही. पाण्याचं बोलतात.

शाळेला सुट्टी आहे. तुम्ही या. तुमच्यासाठी मोठा भोपळा वाळवून ठेवला आहे, तो येडबा धनगरांनी दिला. कूड आहे, बाहेरून कुणाला दिसत नाही. छाती दाटली तर फू करायचं. पायरी उतरताना बसून उतरायचं, हात मागं टेकून. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मी रोज अशीच उतरते. खाली मी उभी असेन. धरते मी तुम्हाला.

तुमची भाची
चतुरा

ता. क. येताना धोतर दोन आणा. एक ओलं होईल.